नॅरोगेजची प्रतिकृती आणि जतन : विदर्भातील नवख्यांसाठी पहिल्या पायऱ्या

यवतमाळ, अकोला, अमरावती, वर्धा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील एखाद्या गावात राहून ज्यांना रेल्वेची प्रतिकृती करण्याची हौस आहे आणि त्याचबरोबर जुन्या लोहमार्गासाठी स्वयंसेवक म्हणून काहीतरी प्रत्यक्ष करावेसे वाटते, त्यांनी ही दोन कामे वेगळी न मानता एकाच वहीत सुरू करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रतिकृतीला जी मापे, जी छायाचित्रे आणि जी माहिती लागते, तीच जतनाच्या कामाचाही पाया असते. आपल्या भागात तर या नोंदींची निकड मोठी आहे. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज (अरुंद रुळांची रेल्वे) २०१५ मध्ये बंद झाली, नागपूर–नागभीड २०१९ मध्ये थांबली, पुलगाव–आर्वी मार्गावर गाडी नाही, आणि मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ व दुसऱ्या बाजूला अचलपूरला जाणारी, सुमारे १९० किलोमीटरची, ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाणारी नॅरोगेजही बंद पडून आहे. ब्रॉडगेज (रुंद रुळांची रेल्वे) येणे गावांच्या सोयीचे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु नवा मार्ग येताना जुने फलाट, पाण्याच्या टाक्या आणि मालधक्के जातात, आणि त्यांची मापे कोणी घेऊन ठेवली नसतील तर पुढे प्रतिकृती करायलाही आधार उरत नाही.

पहिली पायरी : एकच स्टेशन निवडणे

नवख्या माणसाचा पहिला विचार इंजिन विकत घेण्याचा असतो. तो काही महिने बाजूला ठेवावा. इंजिन परदेशी बनावटीचे आणि महाग असते, आणि ते कोणत्या मापाचे घ्यायचे हे स्टेशन ठरल्याशिवाय कळत नाही. त्यापेक्षा आपल्या गावाजवळचे, सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येता येईल असे एक लहान स्टेशन निवडावे. शकुंतलेच्या मार्गावर कारंजा, दारव्हा मोतीबाग, दर्यापूरचे बनोसा, अंजनगाव, पथ्रोट अशी स्टेशने आहेत. (दारव्ह्याचे मोतीबाग आणि नागपूरचे मोतीबाग या दोन वेगळ्या जागा आहेत, वहीत लिहिताना गावाचे नाव जोडूनच लिहावे.) मूर्तिजापूर जंक्शनचा मोह होतो, कारण तिथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज एकत्र दिसतात, परंतु पहिल्या कामासाठी जंक्शन फार मोठे पडते. एक फलाट, एक बाजूचा मार्ग आणि एक मालधक्का एवढे असलेले स्टेशन पुरेसे आहे.

स्टेशन निवडल्यावर ते कशासाठी बांधले गेले, हे समजून घ्यावे. शकुंतलेचा मार्ग किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने उभारला तो वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. देशातल्या इतर रेल्वे स्वातंत्र्यानंतर सरकारी मालकीच्या झाल्या, तरी हा मार्ग सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा राहिला आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वे चालवीत आली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले झेड-डी जातीचे वाफेचे इंजिन इथे १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावले आणि त्यानंतर डिझेल आले. या माहितीचा प्रतिकृतीशी थेट संबंध आहे. १९५० चा काळ दाखवायचा असेल तर मालधक्क्यावर कापसाच्या गाठी, पाण्याची टाकी आणि राखेचा खड्डा हवा. २००० नंतरचा दाखवायचा असेल तर डिझेल, मोजके डबे आणि रुळांत वाढलेले गवत हवे. दोन्ही काळ एका पाटावर (प्रतिकृती जिच्यावर उभारायची त्या फळीवर) मिसळू नयेत.

परवानगी

हे प्रकरण कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. मार्ग बंद असला तरी रूळ, स्लीपर, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) आणि इमारती रेल्वेच्याच ताब्यात असतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि त्याची शिक्षा याहून कितीतरी कडक आहे. म्हणून आठवण म्हणून एखादा खिळा किंवा फिशप्लेट उचलून आणणे, हे प्रेमापोटी केले तरी करू नये. आपला छंद पुढे कोणत्याही कार्यालयात मान्य व्हायचा असेल, तर हा नियम सुरुवातीपासून पाळावा लागतो.

अर्ज साधा असावा. मी कोण, कोणत्या स्टेशनावर, कोणत्या दिवशी, किती वेळ, सोबत किती जण आणि कशासाठी येणार, एवढे एका पानात लिहून जवळच्या चालू स्टेशनच्या मास्तरांना भेटावे आणि त्यांच्या सल्ल्याने विभागीय कार्यालयाकडे पाठवावे. मूर्तिजापूर मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. नागभीडकडचा मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पावसाळ्यातच करावा, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंतचे कोरडे आणि सुसह्य दिवस कामाला मिळतात. जुन्या आराखड्यांच्या प्रतींसाठी माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्क भरून करता येतो, पण आधी तोंडी आणि नम्रपणे विचारून पाहावे. अनेकदा तेवढ्याने काम होते. उत्तर येईपर्यंत सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या गोष्टींची छायाचित्रे आणि घरोघरच्या जुन्या आठवणी, हे काम बिनदिक्कत सुरू ठेवता येते.

मापे घेणे

या कामाला दोन माणसे, ३० मीटरची फीत, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल आणि एक मापकाठी लागते. मापकाठी घरी करावी : २ मीटर लांबीची सरळ काठी घेऊन तिच्यावर दर १० सेंटिमीटरला काळा आणि पांढरा पट्टा आळीपाळीने रंगवावा. प्रत्येक छायाचित्रात ही काठी भिंतीला टेकवून उभी ठेवली, की पुढे घरी बसून त्या चित्रावरून खिडकीची उंची, पागोळीची रुंदी, दाराच्या कमानीचा वाक काढता येतो. चित्र घेताना भिंतीच्या अगदी समोर, भिंतीच्या मध्याशी उभे राहावे. तिरप्या चित्रावरून मापे निघत नाहीत. जिथे फीत पोचत नाही तिथे विटा मोजाव्यात. हाताशी येणाऱ्या १० थरांची उंची मोजून घ्यायची आणि मग छपरापर्यंतचे थर मोजायचे. गुणाकार केला की भिंतीची उंची मिळते. दगडी बांधकामात थर असमान असतात, तिथे ही युक्ती चालत नाही आणि काठीच्या चित्रावरच भिस्त ठेवावी लागते.

रुळांकडे जवळून पाहावे. रुळाच्या उभ्या बाजूवर, गंजाखाली, पुष्कळदा उठावाची अक्षरे असतात : कारखान्याचे नाव, वजनाची खूण आणि रूळ लाटल्याचे साल. ती डोळ्यांनी वाचता आली नाहीत तर पातळ कागद त्यावर धरून पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवावे; अक्षरे कागदावर उमटतात. रूळ घासू नये, त्यावर रंग लावू नये, तारेचा ब्रश तर मुळीच वापरू नये. त्या कागदावर लगेच ठिकाण, तारीख आणि रूळ कोणत्या बाजूचा होता ते लिहावे. एकाच स्टेशनात वेगवेगळ्या सालांचे रूळ सापडले, तर कोणता भाग मागून बदलला गेला याचा अंदाज बांधता येतो, आणि अशी नोंद एरवी सहसा कोणी केलेली नसते.

पायात घोट्यावर येणारे बूट हवेत आणि हातात काठी हवी. ओस पडलेल्या स्टेशनात आणि रुळालगतच्या काटेरी झुडपांत घोणस, नाग आणि विंचू असतात. पाण्याच्या टाकीखाली आणि छपराच्या कोपऱ्यात आग्या मोहोळ आहे का, ते लांबूनच पाहून घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, हे काम करूच नये.

माणसांना भेटणे

इमारत बोलत नाही ते माणसे सांगतात, आणि माणसे इमारतींपेक्षा लवकर जातात. म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गावात जुने गँगमन, गार्ड, गेटमन, जिनिंगमधले हिशेबनीस, मालधक्क्यावरचे हमाल किंवा त्यांची मुले असतात. त्यांच्याकडे कागद घेऊन अधिकाऱ्यासारखे जाऊ नये. ओळखीच्या माणसाबरोबर जावे, काकाजी किंवा मामाजी म्हणून चहाला बसावे, आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारावे. “काकाजी, तुमचे बोलणे फोनवर भरून ठेवले तर चालेल काय?” एवढा साधा प्रश्न पुरतो, आणि त्याचे होकारार्थी उत्तरही मुद्रणातच यायला हवे.

प्रश्न मोठे नकोत. “पूर्वी कसे होते?” असे विचारले की उत्तर चांगले होते एवढेच येते. त्याऐवजी गाडी यायच्या आधी तुम्ही कोणते काम पहिले करत होता, फाटक कोण लावायचे, सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) हाताने बदलायचे तर किल्ली कुणाकडे असायची, पाणी कुठून भरायचे, कापसाची गाठ डब्यात चढवायला किती माणसे लागायची, असे विचारावे. शकुंतलेच्या मार्गावर अनेक ठिकाणी फाटकावर माणूस नसे; गाडीबरोबरचे कर्मचारीच उतरून फाटक लावीत आणि गाडी पुढे गेली की उघडून परत चढत. प्रतिकृती चालवताना अशी माहिती फार उपयोगाची असते, कारण तिच्यामुळे गाडी कुठे, किती वेळ आणि का थांबवायची ते ठरते.

कोणी जुने तिकीट किंवा छायाचित्र दाखवले तर ते मागून घेऊ नये. तिथेच ६०० डीपीआयवर स्कॅन करावे किंवा उजेडात फोनने सरळ वरून चित्र घ्यावे आणि वस्तू परत द्यावी. जुनी जाड पुठ्ठ्याची तिकिटे साधारण ५७ गुणिले ३० मिलिमीटरची असतात. ती लॅमिनेट करू नयेत आणि वहीत डिंकाने चिकटवू नयेत. मालकाला ती जपायची असतील तर कागदी पाकिटात ठेवून ते पाकीट डब्यात ठेवायला सांगावे.

प्रमाण ठरवणे

आता मॉडेलकडे वळावे. विदर्भातल्या या नॅरोगेजची रुळांमधली रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. जगात सर्वाधिक चालणारे एचओ प्रमाण १:८७ आहे, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७ व्या भागाएवढी असते. ७६२ ला ८७ ने भागले की ८.७६ येतात, आणि ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ बाजारात मिळतात, कारण एन या आणखी लहान प्रमाणाच्या गाड्या त्याच रुंदीवर धावतात. म्हणून इमारती, माणसे आणि झाडे १:८७ ची आणि रूळ ९ मिलिमीटरचे, ही जोडी आपल्या नॅरोगेजसाठी जवळजवळ अचूक बसते. या प्रमाणात १ मीटर म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, २.१ मीटरचे दार २४ मिलिमीटरचे होते आणि १०० मीटरचा फलाट सुमारे ११५ सेंटिमीटरचा. ज्यांची नजर अधू आहे किंवा ज्यांना लहान मुलांबरोबर काम करायचे आहे, त्यांनी १:४८ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटरचे रूळ घ्यावेत. तिथेही ७६२ चे १५.९ होतात आणि जोडी जमते. लांबी आणि रुंदी मात्र दोन्ही जवळपास दुप्पट लागतात.

ब्रॉडगेजचे गणित असे सुटत नाही. १,६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे १९.३, आणि तयार रूळ १६.५ चे. बहुतेक भारतीय हौशी मंडळी हा फरक मान्य करून पुढे जातात. एचओ प्रमाणातले मोठे काम डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले, १९९८ मध्ये सुरू झालेले लघुरेल्वे संग्रहालय एकदा जरूर पाहावे.

पाट, रूळ आणि वीज

पहिला पाट ४ फूट लांब आणि १ ते दीड फूट रुंद असावा. गोल फेरा हवाच असेल तर ९ मिलिमीटरच्या रुळांचे २२८ मिलिमीटर त्रिज्येचे वळण २ फूट रुंदीत बसते. परंतु लहान स्टेशनाला फेरा लागत नाही. १२ मिलिमीटरचा प्लायवूड खालून चौकट देऊन वापरावा, कडा आणि खालची बाजू रंगवून बंद करावी, आणि पाट भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावा. आपल्याकडे वाळवी आणि पावसाळ्याची दमट हवा, दोन्ही लाकडाला ग्रासतात.

रूळ जोडताना उन्हाचा विचार करावा. हिवाळ्यातल्या पहाटेच्या १० अंशांपासून वैशाखातल्या ४५ अंशांपर्यंत तापमान बदलले की १ मीटर रूळ अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. हिवाळ्यात रुळांचे सगळे जोड घट्ट भिडवले तर मे महिन्यात रूळ उचलला जातो. दर मीटरला सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटरची फट सोडावी आणि वीज त्या फटीवर अवलंबून न ठेवता प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्यावी. डाव्या रुळाला लाल, उजव्या रुळाला काळी, हा नियम एकदा ठरवून कधीही मोडू नये. साधा १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर पहिल्या पाटाला पुरतो. तारांची टोके बदलणाऱ्या खटक्याने गाडी उलट दिशेला जाते. लाइट जाण्याची सवय असलेल्या गावात १२ व्होल्टची बॅटरी जोडण्याची सोय ठेवली तर काम अडत नाही.

सांधे घेताना, रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगच्या भागात वीज खेळते असे घ्यावेत. प्लास्टिकचे क्रॉसिंग स्वस्त असते, पण नॅरोगेजचे इंजिन आखूड असल्याने सावकाश जाताना तिथेच बंद पडते. रूळ आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती फडक्याने पुसावेत. पॉलिश पेपर वापरला की बारीक चरे पडतात आणि मळ आणखी धरतो.

इमारती मापांच्या वहीवरून माउंटबोर्डमध्ये (जाड, कडक पुठ्ठ्यात) कापाव्यात. भूभागासाठी आपल्याकडे बाजारातून काही आणावेच लागत नाही. काळी माती उन्हात वाळवून, थोडी भाजून आणि मैद्याच्या चाळणीतून चाळून घेतली की हुबेहूब जमीन होते. पातळ केलेल्या फेव्हिकॉलवर ती भुरभुरावी. पऱ्हाटीच्या शेंड्याकडच्या बारीक फांद्यांची बाभळी आणि पळस होतात, कुटाराचा चाळ वाळल्या गवतासाठी चालतो, आणि सरकी काढलेल्या कापसाच्या, सुताने बांधलेल्या गाठी मालधक्क्यावर शोभतात. हे सारे वापरण्याआधी कडुनिंबाच्या पाल्यासह हवाबंद डब्यात महिनाभर ठेवावे, नाहीतर किडे निघतात.

गाडी चालवणे

मालधक्क्याच्या पाटावर शंटिंगचा (डबे मागेपुढे करून गाडी जोडण्याचा) एक जुना ब्रिटिश खेळ बसवता येतो. त्याला इंगलनूक म्हणतात. त्यात दोन सांधे आणि तीन मार्ग असतात : एकावर ५ डबे मावतात, उरलेल्या दोहोंवर ३-३, आणि पुढच्या आखूड मार्गावर इंजिन अधिक ३ डबे. एकूण ८ डबे. चिठ्ठ्या टाकून त्यातले ५ ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने गाडी जोडायची. ६,७२० वेगवेगळे क्रम संभवतात, त्यामुळे खेळ लवकर संपत नाही. डबा ८ सेंटिमीटरचा धरला तर हे सारे ४ फुटांत बसते. गुड्स शेडमधला माणूस कोणता डबा आधी आणि का काढत असेल, हे यातून हाताला कळते, आणि पुढच्या भेटीत काकाजींना विचारायचे प्रश्न अधिक नेमके होतात.

स्वयंसेवा कुठे आणि कशी

स्वयंसेवकांनी चालवलेल्या वारसा रेल्वेची सुरुवात वेल्समधल्या टॅलिलिन मार्गावर १९५१ साली झाली. अशा मार्गांवर नवा माणूस पहिल्याच दिवशी इंजिनावर चढत नाही. तो गवत काढतो, डबे धुतो, फलाट झाडतो. पुढे इंजिन पुसणारा, मग फायरमन आणि बऱ्याच वर्षांनी चालक होतो. भारतात दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला हे मार्ग अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये जागतिक वारशात आले, आणि आपल्या राज्यात नेरळ–माथेरान १९०७ पासून आहे. परंतु हे मार्ग रेल्वे स्वतः चालवते आणि तिथे बाहेरच्या माणसाला गाडी चालवायला मिळत नाही. म्हणून विदर्भातल्या स्वयंसेवकाने अपेक्षा नीट ठेवाव्यात : आपले काम नोंदीचे, स्वच्छतेचे आणि सांगण्याचे आहे, आणि ते कमी दर्जाचे नाही.

सर्वांत जवळची जागा नागपूरचे मोतीबाग येथील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. ते २००२ मध्ये सुरू झाले. आधी दोनदा-तीनदा प्रेक्षक म्हणून जावे, प्रत्येक वस्तूची पाटी वाचावी, इंजिनांची चाके आणि जोडदांडे वहीत काढावेत. त्यानंतर तिथल्या प्रमुखांना पत्र देऊन आपण काय करू शकतो ते लिहावे : शाळांच्या सहलींना मराठीत माहिती सांगणे, जुन्या छायाचित्रांच्या याद्या करणे, स्टेशनाची केलेली प्रतिकृती प्रदर्शनासाठी देणे. “काहीही काम सांगा” असे लिहू नये. नेमके काम, नेमके वार आणि किती महिने ते लिहिले की उत्तर येण्याची शक्यता वाढते. नकार आला तर वर्षभराने, तोवर झालेले काम जोडून पुन्हा लिहावे.

गावात स्वच्छतेचे काम करायचे असेल तर तेही लेखी परवानगीनेच, दिवसाउजेडी आणि किमान चार जणांनी करावे. बिडाच्या पाट्यांवर नवा रंग देऊ नये, कारण जुन्या रंगाच्या थरांवरूनच मूळ रंग ओळखता येतो. भिंतींना चुना देण्याआधी त्यावरची प्रत्येक अक्षरखूण टिपून घ्यावी.

जमलेली माहिती एकाच फोनमध्ये ठेवणे धोक्याचे आहे. प्रत्येक फाइलच्या नावात स्टेशन, तारीख आणि विषय यावा, उदाहरणार्थ “पथ्रोट, २०२५-१२-०७, मालधक्का, पूर्व भिंत”. एक प्रत स्वतःकडे, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक ज्या घरातून आठवणी मिळाल्या त्या घरी द्यावी. मापांच्या वहीची मात्र छापील झेरॉक्सही काढावी आणि तिच्यावर माप घेणाऱ्या दोघांची नावे, सही आणि फीत कोणत्या टोकापासून धरली होती ते लिहावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला तेच स्टेशन वेगळ्या प्रमाणात करायचे असेल तर त्याला पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात करावी लागणार नाही.